घरात अर्थिंग आहे, मग शॉक का बसतो?

गिझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. फ्रिजचं दार उघडताना बारीक चटका बसतो. पावसाळ्यात वॉशिंग मशीनजवळ जायला घरातले घाबरतात. वायरमनला बोलावलं तर तो होल्डरच्या दोन वायरी सॉकेटमध्ये घालून बल्ब पेटवून दाखवतो आणि म्हणतो, "अर्थिंग एकदम ओके आहे." बल्ब पेटलेला दिसतो, आपणही निर्धास्त होतो.

पण बल्ब पेटला म्हणजे शॉकपासून जीव वाचेल, असं अजिबात नाही. अनेक घरांत खड्डा खणून पाईप गाडलेला असतो, हिरवी वायर सॉकेटपर्यंत आलेली असते, आणि तरीही धोका जवळपास तेवढाच असतो. असं का होतं, हे समजायला इंजिनीअर असण्याची गरज नाही. शाळेतला ओहमचा नियम पुरेसा आहे.

वीज जमिनीत 'जाते' का?

"अर्थिंग केलं की जादा वीज जमिनीत जाते," असं आपण लहानपणापासून ऐकतो. गोंधळ इथूनच सुरू होतो. जमीन वीज पिऊन टाकत नाही. वीज जिथून निघाली तिथेच तिला परत जायचं असतं, म्हणजे तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरकडे.

खांबावरून आपल्या घरात दोन वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. करंट फेजमधून येतो, उपकरणातून जातो आणि न्यूट्रलमधून परत जातो. ट्रान्सफॉर्मरजवळ ही न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते. आता समजा गिझरच्या आत फेजची वायर सुटून त्याच्या लोखंडी बॉडीला टेकली. बॉडीत २३० व्होल्ट आले. तुम्ही ओल्या फरशीवर उभे राहून तिला हात लावला, तर करंट तुमच्या शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे जाईल.

अशा वेळी करंटला परतीची सोपी वाट देणं आणि बिघाड होताच सप्लाय तोडायला लावणं, हे अर्थिंगचं काम आहे. यातला दुसरा भाग आपण विसरतो. सप्लाय तुटला नाही, तर नुसत्या अर्थिंगने भागत नाही.

किती करंट जीव घेतो?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा फारच कमी. एक मिलीअँपियर म्हणजे अँपियरचा हजारावा भाग. अर्धा-एक मिलीअँपियरला झिणझिण्या जाणवतात. १० मिलीअँपियरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलीअँपियरच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. करंट जितका जास्त वेळ वाहील तितका हा धोका वाढतो.

९ वॅटचा एलईडी बल्ब निदान ४० मिलीअँपियर घेतो. म्हणजे एका साध्या बल्बला लागणारा करंटही माणसासाठी जीवघेणा ठरू शकतो. ओल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलीअँपियर जातील.

खड्डा चांगला, तरी एमसीबी का पडत नाही?

समजा तुमचा अर्थिंगचा खड्डा उत्तम आहे आणि त्याचा रोध फक्त ५ ओहम आहे. ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध २ ओहम धरू. दोन्हींच्या मधली वाट मातीतून जाते. गिझरची फेज बॉडीला टेकली तर करंट असा निघतो:

२३० भागिले ७, म्हणजे साधारण ३३ अँपियर.

गिझरला बहुतेक घरांत १६ अँपियरची एमसीबी असते. सी टाइपची ही एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपियर लागतात. ३३ अँपियरला ती तापून पडेल, पण त्यात अर्धा-एक मिनिटही जाऊ शकतं. तोवर गिझरच्या बॉडीवर किती व्होल्टेज असेल? ३३ गुणिले ५, म्हणजे १६५ व्होल्ट.

हे झालं चांगल्या खड्ड्याचं. मध्यम प्रतीच्या मातीत अडीच मीटरचा एकच पाईप गाडला, तर त्याचा रोध ३० ओहमच्या आसपास सहज निघतो. मग करंट उरतो ७ अँपियर आणि बॉडीवर व्होल्टेज राहतं २१५ च्या वर. २००० वॅटचा गिझर नेहमी चालतानाच जवळपास ९ अँपियर घेतो. एमसीबीच्या नजरेने पाहिलं तर हा जीवघेणा बिघाड म्हणजे एक साधं उपकरण चालू आहे, इतकंच. ती कधीच पडणार नाही. मीटर मात्र फिरत राहील. वापर न वाढता बिल अचानक वाढलं, तर अशी गळती हे त्याचं एक कारण असू शकतं.

ज्या मोठ्या सोसायट्यांचा ट्रान्सफॉर्मर आवारातच असतो, तिथे अनेकदा फ्लॅटपासून थेट ट्रान्सफॉर्मरपर्यंत तांब्याची, ॲल्युमिनियमची किंवा जीआयची सलग अर्थ वायर किंवा पट्टी नेलेली असते. करंटला मातीतून जावंच लागत नाही. रोध अगदी कमी राहतो, शेकडो अँपियर वाहतात आणि एमसीबी क्षणात पडते. खांबावरून दोनच वायरी येणाऱ्या बंगल्यांना, चाळींना, गावातल्या घरांना आणि शेतातल्या मोटरींना ही सोय सहसा नसते. तिथे परतीची वाट मातीतूनच जाते.

मग बल्ब कसा पेटला?

१०० वॅटचा बल्ब अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही. खड्ड्याचा रोध ३० ओहम असला तरी तेवढ्या करंटला तिथे जेमतेम १२-१३ व्होल्ट खर्च होतात. उरलेल्यात बल्ब छान पेटतो. म्हणजे ५ ओहमचा उत्तम खड्डा आणि ३० ओहमचा सुमार खड्डा यांतला फरक बल्ब सांगूच शकत नाही. अर्थ वायर कुठेतरी जोडलेली आहे, एवढंच त्यातून कळतं. ती कुठे जोडली आहे हेही कळत नाही. खड्ड्याचा रोध मोजायला अर्थ टेस्टर नावाचं वेगळं यंत्र असतं. अर्थिंगचं काम करून घेताना त्याचं रीडिंग लिहून मागा.

आरसीसीबी काय करते?

मातीची वाट कमजोर आहे हे मान्य केलं, की उपाय एकच उरतो. मोठ्या करंटची वाट न बघता छोटी गळती ओळखणारं उपकरण बसवायचं. ते म्हणजे आरसीसीबी. बाजारात बरेच जण तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात.

तिचं तत्त्व सोपं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. यात तफावत पडली, म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने निसटतोय. घरगुती आरसीसीबी ही तफावत ३० मिलीअँपियर होताच सेकंदाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी वेळात सप्लाय तोडते. गळती मोठी असेल तर आणखी लवकर, सेकंदाच्या पंचविसाव्या भागात.

वरचा ३० ओहमचा सुमार खड्डाही तिला पुरतो, कारण तिला ७ अँपियर नको आहेत, फक्त ३० मिलीअँपियर हवे आहेत.

मग आरसीसीबी बसवली तर अर्थिंग कशाला? कारण अर्थ वायर असेल तर गिझर बिघडला त्याच क्षणी गळती सुरू होते आणि कोणी हात लावण्याआधीच सप्लाय जातो. अर्थ वायर नसेल तर गळतीला पहिली वाट मिळते ती तुमच्या शरीराची. आरसीसीबी तेव्हाही पडेल, पण आधी तुम्हाला झटका बसेल. म्हणून दोन्ही हवेत.

तिच्या मर्यादाही लक्षात ठेवा:

- एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, आणि जमिनीकडे गळती झालीच नाही, तर तिला काहीच वेगळं दिसत नाही.
- तिच्या अलीकडच्या वायरीवर तिचा ताबा नाही. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर घासून कपडे वाळत घालायच्या तारेला किंवा पत्र्याला टेकली, तर घरातली आरसीसीबी काही करू शकत नाही. म्हणून तार नायलॉनची वापरा आणि सर्व्हिस वायरपासून लांब बांधा.
- ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी एमसीबी वेगळी लागतेच. दोन्ही कामं एकत्र करणारं उपकरण हवं असेल तर आरसीबीओ मिळतं.

सगळ्यात घातक जुगाड

घरात अर्थ वायरच नाही आणि वॉशिंग मशीनचा मेकॅनिक अर्थिंग मागतोय. मग सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या टोकापासून अर्थच्या टोकाला वायरचा छोटा तुकडा जोडला जातो. बल्ब लावला तर पेटतो. सगळे खूश.

आता कुठेतरी न्यूट्रल तुटली असं समजा. मीटरजवळ सैल झाली, खांबावर जळाली, उंदराने कुरतडली. फेजमधला करंट चालू पंख्यातून, बल्बमधून तुटलेल्या न्यूट्रलमध्ये येऊन थांबतो, आणि त्या तुकड्यातून थेट मशीनच्या बॉडीवर जातो. मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना तिच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. खांबावर काम करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तरीही तेच.

यात आणखी एक मेख आहे. उपकरणात बिघाड झाला तर गळतीचा करंट या तुकड्यातून न्यूट्रलमध्येच परत जातो. आरसीसीबीला तफावत दिसत नाही आणि ती पडत नाही. म्हणजे एका छोट्या तुकड्याने अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही निकामी होतात. न्यूट्रल आणि अर्थ यांची जोड ट्रान्सफॉर्मरकडे असते. घरातल्या सॉकेटमध्ये ती कधीच नसावी.

बाँडिंग म्हणजे काय?

विजेच्या उघड्या तारेवर पक्षी बसतो, त्याला शॉक बसत नाही. त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. शॉक बसायला दोन ठिकाणच्या व्होल्टेजमध्ये फरक लागतो.

बाँडिंगमागे हाच विचार आहे. एका वेळी हात पोहोचेल अशा सगळ्या धातूच्या गोष्टी वायरने एकमेकांना आणि अर्थला जोडून टाकायच्या. मग बिघाड होऊन एकीचं व्होल्टेज वाढलं तरी बाकीच्यांचंही तेवढंच वाढेल आणि त्यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला झटका बसणार नाही किंवा कमी बसेल. वरच्या उदाहरणात गिझरच्या बॉडीवर १६५ व्होल्ट होते. शेजारचा लोखंडी पाण्याचा पाईप थेट जमिनीतून आलेला, म्हणजे शून्यावर. एक हात गिझरला आणि दुसरा नळाला लागला, तर १६५ व्होल्टचा झटका. दोन्ही एकत्र बांधलेले असतील, तर त्यांच्यातला फरक जवळपास नाहीसा होतो.

इमारतीत मेन बोर्डाजवळ तांब्याची एक जाड पट्टी असावी. तिला अर्थ बार म्हणतात. खड्ड्यातून आलेली वायर, प्रत्येक सर्किटची हिरवी वायर, जीआयचे पाण्याचे पाईप, लिफ्टचे रूळ, इमारतीचं लोखंड आणि सोलर पॅनेलच्या फ्रेम हे सगळं इथे एकत्र यायला हवं. सोलर, वीजरोधक आणि घर यांचे खड्डे वेगळे असले तरी ते एकमेकांना जोडलेले असावेत. नाहीतर जवळपास वीज पडली की दोन खड्ड्यांत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि उपकरणं जळतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाईप प्लास्टिकचे असतील तर त्यांना बाँडिंग लागत नाही. त्यांच्या टोकाला लावलेल्या एकट्या धातूच्या नळालाही सहसा लागत नाही. आणि गॅसचा पाईप अर्थिंग म्हणून कधीही वापरायचा नाही. त्याला जोड द्यायची असेल तर ती गॅस कंपनीला विचारूनच.

आपली जमीन कशी आहे?

काळी कसदार जमीन ओली असताना अर्थिंगला उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, पाईपभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो. कोकणातला जांभा आणि सह्याद्रीचा कातळ तर मुळातच विजेला वाट देत नाहीत. म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात पाणी ओतायची पद्धत पडली. मिठाने रोध कमी होतो हे खरं, पण तेच मीठ पाईप गंजवतं आणि पावसात वाहूनही जातं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी भरलेला खड्डा आज कसा आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. भारतीय मानक ब्युरोची अर्थिंगची संहिता, आयएस ३०४३, नियमित तपासणीवर भर देते.

नवीन घर बांधत असाल तर आणखी एक सोय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कोरड्या भागात दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग हवं होतं. हर्बर्ट युफर या अभियंत्याने पायाच्या काँक्रीटमधलं लोखंडच अर्थिंगसाठी वापरलं. काँक्रीट आजूबाजूचा ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे अनेक वर्षांनंतरही रोध कमीच राहिला. आज ही पद्धत जगभर वापरतात. पाया भरतानाच त्यातल्या सळयांना जोडलेली पट्टी बाहेर काढून ठेवा. नंतर ते जमत नाही.

घरी काय तपासायचं?

- मेन बोर्ड उघडून बघा. 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण आहे का? असेल तर ते महिन्यातून एकदा दाबा. आरसीसीबी पडली नाही तर ती बदला. हे बटण फक्त यंत्र तपासतं. ते दाबून आरसीसीबी पडली म्हणजे अर्थिंग चांगलं, असं समजू नका.
- आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती बायपास करू नका. सगळ्या एमसीबी बंद करून एकेक चालू करा. जिच्यावर पडेल त्या सर्किटमध्ये गळती आहे. ओलं झालेलं सॉकेट, गिझरची खराब कॉइल किंवा दुसऱ्या सर्किटशी मिसळलेली न्यूट्रल ही नेहमीची कारणं.
- तीन पिनांच्या प्लगची वरची पिन मुद्दाम लांब असते, म्हणजे अर्थ सगळ्यात आधी जोडला जातो आणि सगळ्यात शेवटी सुटतो. ती कापू नका. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डात अनेकदा आत दोनच वायरी असतात. गिझर, इस्त्री, कूलर आणि वॉशिंग मशीन त्यावर लावू नका.
- लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला लागणाऱ्या हलक्या झिणझिण्या बहुतेक वेळा दोन पिनांच्या अडॅप्टरमधल्या किरकोळ गळतीच्या असतात. फ्रिज, गिझर किंवा नळाला मात्र झिणझिण्या आल्या, तर ते उपकरण बंद करून प्लग काढा आणि तपासणी होईपर्यंत वापरू नका.
- वायरमनला हे तीन प्रश्न विचारा. खड्ड्याचा रोध किती ओहम आला? कुठल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडलेले आहेत का? आरसीसीबी ३० मिलीअँपियरची आहे का? काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.
- भाड्याच्या घरात सगळी वायरिंग बदलता येत नसेल, तरी मेन बोर्डात आरसीसीबी बसवायला घरमालकाला सांगा. तोवर गिझर बंद करून, प्लग काढूनच अंघोळीला जा.

कुणाला शॉक लागला तर

त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला वायरीपासून दूर करा. तो बेशुद्ध असेल आणि श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावून लगेच छाती दाबायला सुरुवात करा. शुद्धीवर असला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. रस्त्यावर किंवा शेतात तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका. १९१२ वर वीज कंपनीला कळवा.

खड्डा, हिरवी वायर, बाँडिंग आणि आरसीसीबी ही एकच साखळी आहे. त्यातली एक कडी नसेल तर बाकीच्या असूनही माणूस वाचेलच असं नाही. आज घरी गेल्यावर मेन बोर्डाचं झाकण उघडा आणि ते छोटं टेस्ट बटण आहे का, तेवढं तरी बघा.